नेम आणि मन

'आज कामात मन लागत नाही,' ही फिर्याद इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे की तिच्या पोटात एखादा तात्त्विक प्रश्न दडलेला असेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही. विद्यार्थी ती करतो, कचेरीतला कारकून करतो, संसाराच्या रगाड्यात सापडलेली गृहिणी करते, आणि देवघरात माळ घेऊन बसलेला साधकही करतो. आणि हे सर्वजण एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात, ती ही की मन आधी व कृती मागाहून, मनाचा कौल मिळाल्यावाचून हाताने हलावयाचे नसते, आणि तो कौल अनुकूल पडणे वा न पडणे हे सर्वस्वी आपल्या सत्तेबाहेरचे आहे. हे गृहीत जर खरे असेल, तर मनुष्याच्या स्वातंत्र्याविषयी आजवर जे जे लिहिले गेले ते बहुतेक निरर्थक ठरते. कारण ज्याला स्वतःच्या सकाळवर अंमल चालविता येत नाही, त्याने मोक्षाची किंवा पुरुषार्थाची भाषा कोणत्या अधिकाराने बोलावी? म्हणून हा प्रश्न मला केवळ व्यवहारातल्या उरकाचा वाटत नाही. कर्म आणि स्वातंत्र्य यांच्या संबंधाचा जो जुना वाद आहे, त्याचेच हे घरगुती रूप होय.

कठोपनिषदात यम नचिकेत्याला सांगतो की श्रेयस आणि प्रेयस ही दोन्ही मनुष्यापाशी चालून येतात, आणि त्यांतला भेद ओळखून निवड करणे हे धीर पुरुषाचे लक्षण आहे. प्रसंग भव्य आहे. एका बाजूला हत्ती, घोडे, सुवर्ण, शंभर वर्षे जगणारे पुत्रपौत्र, आणि दुसऱ्या बाजूला मृत्यूच्या पलीकडचे ज्ञान. ही भव्यता पाहून आपण नकळत असे समजून बसतो की श्रेयस आणि प्रेयस यांची गाठ आयुष्यात एखाद्या वेळी, यमाच्या दारातच पडावयाची, आणि त्या वेळी आपण नचिकेत्याइतकेच धीराने वागू. वस्तुस्थिती अशी आहे की ती गाठ पहाटे जाग आल्यावर उठावे की कूस बदलावी येथूनच पडू लागते. काल आलेल्या पत्राचे उत्तर आज लिहावे की तहकूब ठेवावे, पोट भरल्यावर आणखी एक घास घ्यावा की पान सारावे, कोणी उणे बोलले असता त्याच क्षणी उत्तर द्यावे की दोन श्वास थांबावे, दिवसाचा पहिला अर्धा तास वर्तमानपत्राला द्यावा की हाती घेतलेल्या कामाला, अशा रूपाने ती दिवसभर पडत राहते. आणि प्रेयसाची खरी शक्ती त्याच्या आकर्षणात जितकी आहे त्याहून अधिक 'एवढ्या लहानशा गोष्टीने काय बिघडणार आहे' या त्याच्या वकिलीत आहे. नचिकेत्यापुढे निदान मोह आपल्या पूर्ण वैभवात उभा होता. आपल्यापुढे तो क्षुल्लकाच्या वेषात येतो आणि म्हणून अधिक सहज जिंकतो.

मन आणि कृती यांचा क्रम कोणता, याविषयी पतंजलीने जे सांगितले आहे ते आजही फार थोड्या जणांनी नीट लक्षात घेतले आहे, असे माझे मत आहे. योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताच्या मार्गातले नऊ अंतराय सांगितले आहेत: व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. या यादीत उदासीचा उल्लेख नाही. ती पुढच्या सूत्रात येते, दौर्मनस्य या नावाने, आणि तेथे दुःख, अंगाचा कंप व श्वासोच्छ्वासाची विषमता यांच्या पंक्तीला तिला बसविले आहे. आणि हे सर्व विक्षेपांचे सहचर आहेत, विक्षेपाबरोबर उत्पन्न होणारे आहेत, असे सांगितले आहे. किती महत्त्वाचा हा क्रम! आपण म्हणतो की मन खिन्न आहे म्हणून काम विस्कटले. पतंजलीची मांडणी सांगते की चित्त अनेक दिशांना फाकले, संशयात अडकले, प्रमादाने हातचे सोडून बसले, आणि त्या फाकण्याबरोबरच खिन्नता आली, जशी तिच्याबरोबर श्वासाची लय बिघडली. श्वास बिघडला म्हणून कोणी स्वतःला दैवाचा बळी समजत नाही. खिन्नतेला मात्र आपण सिंहासनावर बसवितो. याच यादीतली आणखी एक सूक्ष्मता सांगावयास हवी. भाष्यकार व्यासांनी स्त्यान आणि आलस्य वेगळे केले आहेत: स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता, आणि आलस्य म्हणजे शरीर व चित्त जड झाल्यामुळे होणारी अप्रवृत्ती. हे दोन आजार निराळे आहेत. जडत्व आलेला मनुष्य थोडा चालून आला, हलके जेवला, वेळेवर निजला तर सुटतो. ज्याचे चित्तच कामाकडे वळावयास तयार नाही त्याला हे उपाय पुरत नाहीत, त्याला कामाचा एक लहान तुकडा हाती घेऊन प्रत्यक्ष आरंभच करावा लागतो. पतंजलीनेही या सर्व गोंधळावर उपाय सांगितला तो एकाच तत्त्वाचा अभ्यास करण्याचा. अनेक गोष्टी सुधारावयास निघालेल्या माणसाला हा उपाय अपुरा वाटेल. मला त्यातच मनुष्यस्वभावाची खोल पारख दिसते.

मग लहानशा कृतीला इतके बळ येते कोठून? व्यासभाष्यात याचे उत्तर आहे: वृत्तींपासून संस्कार होतात, संस्कारांपासून पुन्हा वृत्ती उठतात, आणि हे चक्र रात्रंदिवस फिरत राहते. आपल्याकडच्या जमिनीच्या कज्ज्यांत वहिवाट नावाची जी गोष्ट असते, तिच्याकडे पाहिले म्हणजे हे चक्र मला अधिक स्पष्ट दिसते. दुसऱ्याच्या शेतातून जाण्यायेण्याची वाट एखाद्याने उघडपणे, शांतपणे, हक्काच्या नात्याने आणि खंड न पडता २० वर्षे वापरली, तर १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे तिच्यावर त्याचा हक्क उत्पन्न होतो. तेथे खरेदीखत नसते, दानपत्र नसते, कोणाचे फर्मान नसते, फक्त रोज पडलेली पावले असतात, आणि त्या पावलांपैकी कोणतेही एक पाऊल वेगळे काढून दाखविले तर त्याने हक्क निर्माण झाला असे म्हणता येत नाही. चित्तभूमीतल्या वाटाही अशाच पडतात. चिडण्याची वाट, कुढण्याची वाट, काम पुढे ढकलण्याची वाट आपण एके दिवशी विचारपूर्वक कोणाच्या नावे करून दिलेली नसते. ती वापरू दिलेली असते. आणि पतंजलीने अभ्यास दृढ होण्यासाठी ज्या अटी घातल्या, दीर्घ काळ आणि नैरंतर्य, त्या कायद्याच्या अटींशी किती जुळतात! परंतु त्याने तिसरी एक अट घातली आहे जी कोणत्याही दिवाणी न्यायालयाला माहीत नाही: सत्कार, म्हणजे आदर. वाईट वाट पडण्यासाठी काळ आणि सातत्य पुरे होतात. चांगली वाट टिकण्यासाठी तिच्यावर चालणाऱ्याच्या मनात तिचा मान असावा लागतो. या तिसऱ्या अटीकडे मला शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. संस्कारच जर वृत्ती उत्पन्न करतात, तर निवड करणारा असा उरला कोण? पहाटे कूस बदलणाराही संस्कारांनीच बदलतो आणि उठणाराही संस्कारांनीच उठतो, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर काय? लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या दहाव्या प्रकरणात, कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या मथळ्याखाली, याच प्रश्नाचा ऊहापोह केला आहे, आणि कर्माचे बंधन कितीही अनादी असले तरी इंद्रियांच्या ओढीविरुद्ध प्रयत्न करण्याची प्रेरणा आत्म्याच्या स्वतंत्र स्वरूपातून येते, असा पक्ष तेथे मांडला आहे. त्या प्रकरणातल्या युक्तिवादापेक्षाही तो ग्रंथ ज्या स्थितीत लिहिला गेला ती स्थितीच मला अधिक बोलकी वाटते. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. वय पन्नाशी उलटलेले, मधुमेह जडलेला, भोवती परका मुलूख. ज्या राजकारणात आयुष्य घातले त्याची सूत्रे हातातून गेलेली. त्यांच्या आयुष्यातल्या सर्व मोठ्या निवडी सरकारने जप्त केल्या होत्या: कोठे राहावे, कोणाला भेटावे, काय लिहून प्रसिद्ध करावे, यांपैकी काहीही त्यांच्या हाती राहिले नव्हते. राहिल्या होत्या त्या लहान निवडी. आज कोणते पुस्तक उघडावे, किती वेळ वाचावे, हातातल्या पेन्सिलीने काय लिहावे. त्यांतून जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास झाला, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत 'गीतारहस्या'चा खर्डा पेन्सिलीने लिहून झाला. तो १९१५ मध्ये छापून निघाला. तुरुंगातच १९१२ मध्ये त्यांना पत्नीच्या निधनाची तार मिळाली. अशा मनुष्याचे मन रोज प्रसन्न असेल, रोज सकाळी त्याला लिहिण्याची उमेद वाटत असेल, असे समजणे त्याच्या दुःखाचा अपमान करण्यासारखे आहे. आणि तरीही वह्या भरल्या.

आत्मस्वातंत्र्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते मला येथे मिळते. मोठ्या निवडीत आपण फारसे स्वतंत्र नसतोच. तेथे भीती, लोभ, प्रतिष्ठा, आप्तांची मते, पैशाची तंगी, आणि संस्कारांचे सारे सैन्य सज्ज होऊन उभे असते. लहान निवडीच्या वेळी हे सैन्य बेसावध असते, कारण तेथे त्याला काही धोका दिसत नाही. ज्या बिंदूवर बंधन सर्वांत सैल आहे तेथेच पुरुषार्थाला शिरकाव मिळतो. आणि क्षुल्लक म्हणून जी जागा आपण सोडून देतो, तीच नेमकी ती जागा असते.

तुरुंगाचा हा दाखला एकट्या टिळकांचा नाही. येरवड्याच्या तुरुंगातून १९३० मध्ये गांधीजींनी आश्रमवासीयांना दर आठवड्याला व्रतांविषयी जी पत्रे पाठविली, आणि जी पुढे 'मंगल प्रभात' या नावाने पुस्तकरूपाने आली, त्यांत व्रताच्या आवश्यकतेचे विवेचन आहे. 'शक्यतोवर' अशी सवलत राखून केलेला निश्चय पहिल्याच मोहापुढे नमतो, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी गीतेवर जी प्रवचने केली व साने गुरुजींनी जी उतरून घेतली, त्यांतल्या सतराव्या प्रवचनात विनोबांनी एक असा विचार मांडला आहे की ज्याने हा सगळा विषय उजळून निघतो. वर्तन बांधलेले असले म्हणजे वृत्ती मोकळी राहते, हा तो विचार. आपली सामान्य समजूत याच्या अगदी उलट आहे. नियम म्हणजे मनावर ओझे, आणि मन मोकळे ठेवावयाचे तर दिवसही मोकळा ठेवावा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ज्याचा दिवस मोकळा असतो त्याचे मन दिवसभर पंचायतीचे काम करीत बसते, उठावे की न उठावे, आता करावे की मग करावे, याचे निवाडे देत देत थकून जाते, आणि खरे काम समोर येते तेव्हा त्याच्यापाशी शक्तीची शिल्लक उरत नाही. एकदा केलेला लहानसा निश्चय रोजच्या शंभर निर्णयांची सुटका करतो. नेम करणाऱ्याची प्रसन्नता, माझ्या समजुतीप्रमाणे, बहुतांशी या सुटकेची प्रसन्नता असते.

मीमांसकांनी कर्माचे जे विभाग केले त्यांत नित्यकर्माला दिलेले स्थान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. काम्य कर्माला फळ आहे, स्वर्ग आहे, पुत्र आहे. नैमित्तिक कर्माला निमित्त आहे. नित्यकर्माला मात्र असे वेगळे फळ सांगितलेले नाही, ते न केल्यास प्रत्यवाय मात्र लागतो, असा पक्ष रूढ आहे. शंकराचार्यांनी तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्याच्या आरंभी यावर हरकत घेतली: न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून भावरूप दोष उत्पन्न कसा होईल? त्यांचे म्हणणे असे की नित्यकर्म घडले नाही, ही गोष्ट पूर्वी साठलेल्या दुरिताचे लक्षण आहे. ते त्याची खूण पटविते. वैदिक कर्मकांडाविषयी आज आपली भावना काहीही असो, या विचारात आपल्या विषयाला लागू पडणारे सत्य आहे. आज सकाळचा नेम चुकला तर आकाश कोसळत नाही, आणि त्या चुकीबद्दल स्वतःला दिवसभर दूषणे देत बसणे हा आणखी एक विक्षेप होय. परंतु तो चुकला कसा, कोणत्या जुन्या संस्काराने आज वाट अडविली, हे पाहण्याची संधी मात्र ती चूक देते. ती पाहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आपले काम कोठे आहे ते कळते.

सवयी बदलण्याच्या रीतीविषयी चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात एक विधान आहे, ते गांधीजींच्या मताशी वरवर विसंगत दिसते. अहितकर सवय एकदम तोडू नये, चतुर्थांशाच्या क्रमाने, मध्ये दिवसांचे अंतर देत सोडावी, आणि हितकर गोष्ट त्याच क्रमाने अंगवळणी पाडावी. क्रमाने गेलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाने आलेले गुण ढळत नाहीत, असे तेथे सांगितले आहे. एकीकडे 'शक्यतोवर' हा शब्दसुद्धा नको म्हणणारा व्रतनिष्ठ, दुसरीकडे चौथाईने चाला म्हणणारा वैद्य. मला यात विरोध वाटत नाही. एकाने निश्चयाची पूर्णता सांगितली आहे, दुसऱ्याने निश्चयाच्या विषयाचे प्रमाण. चौथा हिस्साच सोडावयाचा, पण तो चौथा हिस्सा कोणतीही सवलत न ठेवता सोडावयाचा. आपण बहुधा उलटे करतो: संकल्प अवाढव्य करतो आणि त्याला सवलतीही तितक्याच मोठ्या ठेवतो.

हे सर्व लिहीत असताना एक गोष्ट मनाला सारखी टोचत राहते, आणि ती बाजूला ठेवून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दिनचर्येचे उपदेश, मग ते वाग्भटाचे असोत की आधुनिक ग्रंथकारांचे, ज्याच्या दिवसावर त्याची स्वतःची मालकी आहे अशा मनुष्याला उद्देशून लिहिलेले असतात. गिरणीच्या रात्रपाळीवरून पहाटे परतणाऱ्या कामगाराला ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? आणि शतकानुशतके पहाटेच्या अंधारात जात्यावर बसणाऱ्या आपल्या आयाबहिणींना लवकर उठण्याचा गुण कोणी शिकविला नव्हता. तो त्यांच्यावर लादलेला होता. दळावे की न दळावे हे त्यांच्या हाती नव्हते, किती दळावे हेही नव्हते. तरी त्या वेळेत त्यांनी ओवी रचली. ती विठ्ठलाच्या नावाने गावी, माहेरच्या भावाच्या नावाने गावी, की सासरी गेलेल्या लेकीच्या नावाने, एवढीच निवड त्यांची होती. आणि त्या एवढ्याशा निवडीतून जे वाङ्मय उभे राहिले ते साने गुरुजींसारख्यांनी 'स्त्रीजीवन'सारख्या संग्रहांत गोळा केले, तेव्हा शिकलेल्या महाराष्ट्राला आपल्याच घरातल्या काव्याची ओळख पटली. या ओव्यांच्या गोडव्याने त्या कष्टांचे समर्थन होत नाही, आणि तसे समर्थन करणाऱ्याला माझ्या या लेखातून काहीही आधार मिळू नये अशी माझी इच्छा आहे. ज्यांच्या निवडी दुसऱ्यांनी हिरावून घेतल्या त्यांना त्या परत मिळाल्या पाहिजेत, हे समाजाचे कर्तव्य आहे आणि ते कोणाच्याही नेमनिष्ठेने फिटणारे नाही. परंतु अत्यंत कोंडलेल्या आयुष्यातही चित्त कोठे ठेवावे एवढी जागा शिल्लक राहते, आणि त्या जागेचा उपयोग केल्याने मनाची घडण बदलते, याचा याहून मोठा पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

आता ती सत्काराची अट. वारकरी पंथात माळ घेतलेल्या माणसाने रोज हरिपाठ म्हणावा, एकादशी करावी, वर्षाची वारी चुकवू नये, असा नेम असतो. समजा, एखाद्या संध्याकाळी अशा माणसाचे मन कशातच नाही; घरात आजारपण आहे, डोक्यावर कर्जाचा तगादा आहे, देवाविषयीसुद्धा मनात कडवटपणा आलेला आहे. त्याने हरिपाठाला बसावे काय? आजच्या काळाचा कल असे सांगण्याकडे आहे की भावनेवाचून केलेली उपासना हा दंभ आहे, आणि प्रामाणिक मनुष्याने अशा वेळी सरळ उठून जावे. या मताबद्दल मला आदर आहे, कारण निर्जीव कर्मठपणावर आपल्या संतांनीही कठोर प्रहार केले आहेत. तथापि दंभ म्हणजे काय हे गीतेच्या सतराव्या अध्यायात स्पष्ट केलेले आहे: लोकांकडून मान मिळावा, पूजा व्हावी या हेतूने जे तप होते ते राजस, चंचल आणि न टिकणारे. दंभाला पाहणारा लागतो. ज्या संध्याकाळी कोणी पाहत नाही, मनही साथ देत नाही, आणि तरीही तो माणूस हातपाय धुऊन आपल्या ठरलेल्या जागी बसतो, तेव्हा तेथे दंभ राहण्यास जागाच उरलेली नसते. त्याच्यापाशी त्या क्षणी प्रेम नसेल, एकाग्रताही नसेल; परंतु आपल्या त्या वेळच्या मनापेक्षा आपला नेम मोठा मानण्याइतका आदर त्याच्यापाशी आहे, आणि पतंजलीने मागितलेला सत्कार याहून वेगळा काही असेल असे मला वाटत नाही. पहिले दोनतीन अभंग होईपर्यंत मन आले तर आले. न आले, तर उद्या संध्याकाळी त्याच वेळेला तो पुन्हा बसेलच.